सासूबाईंची ओळ

मामीने एकदा ठरवलं की ठरलं, मग त्यात बदल सुचवायची कुणाची टाप नव्हती. संग्रहालयातून फोन आला तेव्हा ती एका गिऱ्हाइकाच्या डोक्याला रंग लावत होती. एका हातात ब्रश, मान वाकडी करून खांद्याशी दाबलेला फोन, अशा अवस्थेतच तिने शनिवारी दुकान बंद ठेवायचं, नवऱ्याला रजा काढायला लावायची आणि नणंदेला तिच्या दारातून उचलायचं, हे सगळं पक्कं करून टाकलं. गिऱ्हाईक मधेच म्हणालं, "मामी, कानाला आग होतेय." मामी म्हणाली, "होऊ दे, म्हणजे रंग चढतोय," आणि पुन्हा फोनवर बोलू लागली.

मामी ही खरं तर फक्त नणंदेच्या मुलींची मामी. पण तिने केस कापायचं दुकान काढलं तेव्हा पहिली डोकी हातात सापडली ती त्या मुलींचीच. त्या आरशासमोर बसून "मामी, मागे कमी कर" म्हणून ओरडायच्या, ते ऐकून पुढची गिऱ्हाइकंही मामीच म्हणायला लागली. तिचा नवरा मग आपसूकच सगळ्या गावाचा मामा झाला. हा मामा नळदुरुस्तीचं काम करायचा, आणि दिवसभरात त्याच्यापेक्षा त्याच्या पिशवीतले पानेच जास्त वाजायचे.

फोनचं कारण असं. बावीस वर्षांपूर्वीच्या भूकंपात मामीच्या सासूबाई गेल्या. गावाने नंतर पडलेल्या बाजाराच्या जागी गेलेल्या माणसांचं संग्रहालय उभारलं. तिथल्या लांबलचक भिंतीवर प्रत्येकाचा फोटो आणि फोटोखाली घरच्यांनी दिलेली एक ओळ, कागदावर छापून चिकटवलेली. आता ते कागद पिवळे पडले होते, कोपरे सुटायला लागले होते. म्हणून त्या ओळी पितळी पाट्यांवर कोरून घ्यायचं संग्रहालयाने ठरवलं होतं. एकदा कोरलं की कायमचं. त्याआधी गेलेल्यांच्या मुलांनी येऊन आपापली ओळ वाचायची, बदलायची तर बदलायची आणि सही करायची. सासूबाईंना मुलं दोन, मामा आणि त्याची थोरली बहीण, म्हणजे घरातली आत्या. सह्या दोघांच्याही लागणार होत्या.

घोडं इथेच अडणार हे मामीला ठाऊक होतं. मामाने त्या इमारतीत आजवर पाऊल टाकलं नव्हतं. तिथलं पाण्याच्या टाकीचं मोठं काम चालून आलं होतं, तेसुद्धा त्याने दुसऱ्याला देऊन टाकलं. घरात आईचा विषय निघाला की हा उठून बाहेर जायचा, आणि बाहेर काही काम नसलं तर अंगणातला चांगला चाललेला नळ उघडून बसायचा. मामीने मग तो विषयच बंद केला. "जिवंतपणी रोज समोर होत्या, आता भिंतीवर जाऊन काय बघायचं?" असं ती गिऱ्हाइकांना सांगायची. खरं कारण एवढंच होतं की नवऱ्याचा तो चेहरा तिला बघवत नसे.

"यायचं, वाचायचं, सही करायची," तिने त्या रात्री जेवताना त्याला सांगितलं. "रडायचं असेल तर रडा, मला चालेल. पण सही झाली पाहिजे."

मामा म्हणाला, "बरं."

इतक्या सहजी आलेल्या होकाराने मामीच चरकली, पण तिने तसं दाखवलं नाही.

तिची खरी चिंता वेगळीच होती, आणि ती होती पोराची. एकुलता एक, तेवीस वर्षांचा, वीजकामाचं शिक्षण पुरं केलेला, आणि मित्र त्याला 'आजोबा' म्हणायचे. का, तर हा शिडीवर चढायच्या आधी शिडी दोनदा हलवून बघणार, मोकळ्या रस्त्यावर सिग्नलला थांबणार, नदीवर गेला तर सगळ्यांचे कपडे सांभाळत काठावर बसणार. आता त्याला डोंगरमाथ्यावरच्या पवनचक्क्यांवर काम चालून आलं होतं. चांगली जागा, चांगले लोक, आणि परीक्षेत पहिला आलेला हाच. तर चिरंजीव म्हणाले, "नको." का नको? "उंचावरचं काम आहे." मग काय झालं? "काही नाही. नको." सोमवारपर्यंत त्यांना उत्तर द्यायचं होतं. मामीने रागावून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली, शेवटी म्हणाली, "नाही म्हण, पण कारण सांगून नाही म्हण. मी काय तुला खाणार आहे?" त्यावरही तो मूग गिळून बसला. गावातल्या सगळ्या सुनांची सगळी गुपितं आपल्याला कळतात आणि पोटच्या पोराच्या मनातलं कळत नाही, हे मामीला फार लागलं होतं.

शनिवारी गाडी चालवायला तिने त्यालाच बसवलं. तो इतक्या सावकाश चालवत होता की एक सायकलवाला घंटी वाजवत पुढे निघून गेला. मामा पुढे बसून खिडकीबाहेर बघत होता. मागे मामी आणि आत्या.

आत्या निवृत्त मुख्याध्यापिका. पाठ ताठ, केस मामीकडूनच कापलेले, पण बिल दरवेळी तपासून देणार. भूकंप झाला तेव्हा ती नोकरीच्या गावी होती, रस्ते बंद, तिसऱ्या दिवशी पोचली, तोवर सगळं आटोपलेलं. तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी ती न चुकता संग्रहालयात जायची. एकटी जायची आणि एकटी यायची.

"ओळ तुम्हीच दिली होती ना ताई?" मामीने विचारलं.

"मीच. तुम्हा दोघांना कुठे शुद्ध होती तेव्हा."

"'प्रेमळ' वगैरे लिहिलं नाही ना? नाही, आधीच सांगते. मी पाच वर्षं नांदले त्यांच्या हाताखाली. माणूस लाखातला, पण प्रेमळ म्हटलं तर त्या स्वतःच भिंतीवरून उतरून येतील."

"तसलं काही नाही लिहिलेलं," आत्या म्हणाली. "चांगली ओळ आहे. बघशीलच."

पुढे बसलेल्या पोराने आरशातून एकदा मागे पाहिलं आणि गाडी आणखी सावकाश केली.

संग्रहालय मामीला वाटलं होतं तसं अंधारं नव्हतं. उंच खिडक्या, भरपूर उजेड, चालताना बुटांचा आवाज व्हायला नको म्हणून जाड गालिचा. पहिल्या दालनात काचेमागे सापडलेल्या वस्तू होत्या. चेपलेलं पातेलं, एका पायाचा बूट, चष्म्याच्या नुसत्या काड्या, कुणाच्या तरी दाराची अख्खी चौकट. एका कोपऱ्यात जमीन हलवून दाखवणारी खोली होती आणि तिच्याबाहेर शाळेतली मुलं रांग लावून खिदळत उभी होती. मामाने तिकडे पाहिलं आणि नजर वळवली. मामी त्याच्या अगदी शेजारून चालत होती, हात धरला नव्हता, पण लागला तर सापडेल इतक्या जवळ.

मग ती भिंत आली. मामी वाचत वाचत पुढे निघाली. सदैव हसतमुख. मायेचा सागर. कुणाला कधी दुखावलं नाही. शांत, संयमी, परोपकारी. गल्लीतला तो भांडखोर बेकरीवाला, ज्याने सासूबाईंवर एकदा शिळा पाव फेकून मारला होता, तोही इथे 'मृदुभाषी' होऊन बसला होता.

"एवढी प्रेमळ माणसं एका गावात राहत होती, तर मग भांडायचं कोण?" मामी म्हणाली.

संग्रहालयातली एक मुलगी हातात टॅब घेऊन त्यांच्यासोबत चालत होती. तिला हसू आलं, आणि हसावं की नाही हे न कळून ती पुढे झाली. "तुमच्या इथे आहेत," ती म्हणाली.

सासूबाई खरोखरच तिथे होत्या. फोटोतसुद्धा त्या 'लवकर काय ते काढ आणि मला कामाला जाऊ दे' अशाच बघत होत्या. मामीला एकदम भरून आलं. या बाईने तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की तुझ्या हाताला वळण नाही, आणि मग दुकानात शेजारी उभं करून सदऱ्याची कॉलर, बाह्या, पाठ, सगळं शिकवलं होतं. कपडे धुऊन, इस्त्री करून द्यायचं त्यांचं दुकान होतं, पुढे दुकान आणि मागे घर. आज मामीच्या बोटांत जी सफाई होती ती तिथली होती. "कशा आहात?" असं ती चक्क फोटोला म्हणाली आणि मग तिने खालची ओळ वाचली.

'नातवाला वाचवण्यासाठी पुन्हा घरात शिरली. नातू वाचला.'

मामीने ती परत वाचली. मग आजूबाजूचे फोटो पाहिले, चुकून दुसऱ्या कुणाची चिकटली की काय म्हणून.

"हे काय आहे, ताई?"

"काय म्हणजे?"

"नातू माझ्या कडेवर होता! पहिल्या धक्क्याला मी याला उचलून रस्त्यावर आले ते आले. आत कुठून जाणार होता हा?"

आत्याचा चेहरा आधी नुसता गोंधळला. "काहीतरीच काय बोलतेस. मी आले तेव्हा छावणीत सगळे हेच म्हणत होते. नातवासाठी गेली असेल, दुसरं कशासाठी जाईल. मी याला विचारलं होतं." तिने भावाकडे बोट केलं. "विचारलं होतं की नाही तुला? हे खरं का, म्हणून? तू मान खाली घालून बसलास. मी त्याचा अर्थ काय घ्यायचा?"

मामा भिंतीकडे बघत होता. मामी मात्र एव्हाना दुसरीकडेच बघत होती. पोरगा चार पावलं मागे उभा होता, हात पाठीमागे धरून, आणि त्याची नजर जमिनीवर होती. नवीन काही वाचणाऱ्या माणसाचं उभं राहणं ते नव्हतं.

"तू वाचलंस का हे?" मामीने विचारलं.

"वाचलंय."

"आत्ता?"

"सातवीत असताना. शाळेची सहल आली होती इथे."

मामीला सहल आठवली. तिनेच डबा दिला होता. संध्याकाळी हा घरी आला आणि न जेवता झोपला, तेव्हा तिने ऊन लागलं म्हणून थंड पाण्याच्या घड्या ठेवल्या होत्या.

"बाईंनी एकेकाची ओळ मोठ्याने वाचली," पोरगा म्हणाला. तो तक्रार केल्यासारखा बोलत नव्हता, सांगितल्यासारखा बोलत होता. "आजीचं आडनाव बघून म्हणाल्या, 'अरे, हा तोच नातू!' मग मला पुढे उभं केलं. सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, 'तुझं आयुष्य आता तुझ्या एकट्याचं नाही, लक्षात ठेव. सांभाळून राहा.'"

"आणि घरी येऊन मला एका शब्दाने विचारलं नाहीस?"

"घरी आजीचं नाव काढलं की बाबा उठून जायचे. मला वाटलं, माझ्यामुळेच."

मामीने पुन्हा त्या ओळीकडे पाहिलं. या पोराने जमिनीवर एक पाय टाकायच्या आधी दोनदा विचार का केला, नदीच्या काठावर कपडे राखत का बसला, आणि पवनचक्कीला नको का म्हणाला, हे सगळं तिच्यासमोर कागदाच्या एका चिठ्ठीवर छापलेलं होतं. अकरा वर्षं तो हे घेऊन तिच्याच घरात, तिच्याच हातचं जेवत होता. तिला स्वतःचा राग आला, त्या शाळेच्या बाईचा त्याहून जास्त आला, आणि मग राग बाजूला ठेवून तिने ठरवलं की ही ओळ काही झालं तरी पितळेत जाणार नाही.

"आपण आत बसून बोलायचं का?" टॅबवाली मुलगी हळूच म्हणाली. तिने बाजूच्या छोट्या खोलीचं दार उघडून दिलं. आत एक गोल टेबल, खुर्च्या, आणि पाण्याचा जग होता. मुलगी दाराशीच खुर्ची ओढून बसली.

"मग सांग तू," आत्या बसताबसता म्हणाली. तिचा आवाज मुख्याध्यापिकेचा झाला होता. "नातवासाठी नाही, तर आई आत गेली कशाला? आणि जपून सांग. मी बावीस वर्षं या ओळीवर दिवस काढलेत. आई गेली, मी तिच्याजवळ नव्हते, पण निदान कशासाठी गेली ते मला सांगता येत होतं."

उत्तर मामीला माहीत होतं. अगदी जिभेवर होतं. एरवी नवऱ्याच्या वाटचं बोलणं हे तिचं रोजचंच काम; डॉक्टरकडे नेलं तर याच्या पोटात कुठे दुखतंय तेही तीच सांगायची. पण आज तिने मामाकडे पाहिलं, आणि जीभ दाताखाली धरून गप्प बसली. हे तिला किती जड गेलं ते तिचं तिला ठाऊक.

पाण्याचा जग मधे होता. मामाने तो थोडा सरकवला.

"इस्त्री चालू राहिली होती," तो म्हणाला.

"काय?"

"दुकानात. इस्त्री चालू राहिली होती. सगळी गल्ली बाहेर आली, आईपण आली. मी तिचा दंड धरून ठेवला होता. ती म्हणाली, अरे, इस्त्री चालू राहिली. मी म्हटलं, वीज गेलीय सगळीकडची, दिसत नाही का? तर म्हणाली, आणि परत आली म्हणजे? गल्ली पेटवायचीय का?" मामा एका दमात एवढं बोलला आणि थांबला. "हात झटकला माझा. मला म्हणाली, सोड, गाढवा. आणि गेली."

"एका इस्त्रीसाठी?" आत्याचा आवाज फुटला. "माझी आई एका इस्त्रीसाठी मेली, हे मी तिथे पितळेवर कोरू? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं सोडा ताई," मामी म्हणाली. "इथे एक पोरगं बसलंय."

आत्याने भाच्याकडे पाहिलं.

"मी तिच्यावर चिडलोय, ताई," मामा म्हणाला. इतक्या वर्षांनी तो बोलायला लागला होता तर त्याला आता थांबता येत नव्हतं. "अजून चिडलोय. म्हणून मी इथे येत नव्हतो. घरात इस्त्री आणू दिली नाही, हिला विचार. चुरगळलेले कपडे घालून हिंडतो, लोक हसतात. दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्यापर्यंत पोचलो. मागची भिंत उभी होती, विजेचा बोर्ड जागच्या जागी. इस्त्रीचं बटण बंद होतं. मी स्वतः बघितलं."

"बंद?" मामीने विचारलं. हे तिलाही नवीन होतं.

"बंद. आणि नुसतं बंद नाही. प्लग काढलेला. इस्त्री उभी करून ठेवलेली आणि वायर गुंडाळलेली." त्याने हाताने गोल गोल फिरवून दाखवलं. "वायर गुंडाळत बसली ती. वरून माती पडतेय, आम्ही बाहेरून बोंबलतोय, आणि ही बाई वायर गुंडाळतेय! नुसतं बटण दाबून फिरली असती तर बाहेर आली असती. निघालीच होती. तोंड दाराकडे होतं तिचं. दारापासून एवढ्या अंतरावर." त्याने टेबलाची कड दाखवली आणि मग दोन्ही तळव्यांत तोंड झाकून तो रडू लागला.

मामीने खुर्ची सरकवून त्याच्या पाठीवर हात ठेवला. रडायचं असेल तर रडा, असं तिनेच सांगितलं होतं, पण प्रत्यक्षात ते बघणं सोपं नव्हतं.

मग एक विचित्र आवाज आला. आत्या हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ही हसत होती.

"वायर गुंडाळली," ती म्हणाली. "अरे, मी एकदा न गुंडाळता शाळेत गेले होते, तर वर्गात येऊन मला ओढत घरी आणली होती. सगळ्या मुलींच्या देखत. वायर गुंडाळायला लावली आणि परत शाळेत नेऊन सोडली." ती रुमालाने डोळे पुसत राहिली. "मी दर वर्षी इथे येते, त्या ओळीसमोर उभी राहते आणि मला आई आठवतच नाही. कुणीतरी थोर बाई आठवते. मला वाटायचं, माझीच आठवण पुसट झाली."

दाराशी बसलेल्या मुलीने टॅब मांडीवर उलटा ठेवला होता.

पोरगा टेबलावर कोपर टेकून पुढे झाला. "आई, मी तेव्हा काय करत होतो?"

"माझ्या कडेवर बसून माझे केस ओढत होतास."

"आजी माझ्याबद्दल काही म्हणाली?"

मामीला इथे काहीतरी सुंदर सांगता आलं असतं. तिच्याकडे शब्दांची कधीच टंचाई नव्हती, आणि खोटं ठरवायलाही कुणी नव्हतं. पण आजवर इथल्या भिंतीने जे सुंदर सांगितलं होतं ते पुरेसं झालं होतं.

"म्हणाली ना," ती म्हणाली. "मला म्हणाली, पोराचं नाक वाहतंय, पूस ते. आणि गेली."

पोराने तिच्याकडे पाहिलं. मग त्याला हसू फुटलं, आधी नाकातून, मग तोंड भरून, आणि ते हसू कुठे संपलं आणि रडू कुठे सुरू झालं ते त्याचं त्यालाही कळलं नसावं. मामी बघत राहिली. त्याला असं मोकळं, वेडंवाकडं तोंड करून रडताना तिने तो लहान असतानाच पाहिलं होतं.

आत्याने नाक शिंकरलं, पाठ ताठ केली आणि मुलीला म्हणाली, "आण गं ते इकडे."

टॅबवर जुनी ओळ उमटलेली होती. आत्याने ती एकेक अक्षर करून खोडली. मग बराच वेळ नुसती पांढऱ्या जागेकडे बघत बसली. मधे तिने भावाला विचारलं, "तोंड दाराकडेच होतं ना? नक्की?" त्याने मान हलवली. मग तिने एका बोटाने टाइप केलं, वाचलं, एक शब्द बदलला आणि टॅब टेबलाच्या मधोमध ठेवला.

'इस्त्री बंद करायला आत गेली. बंद केली, वायर गुंडाळून ठेवली, आणि बाहेर यायला निघाली.'

मुलीने वाचलं. तिचा चेहरा बदलला, पण ती कामाची मुलगी होती. "हे असंच कोरायचं? नंतर बदलता येणार नाही."

"असंच," आत्या म्हणाली. "आणि कोरणाऱ्याला सांगा, ओळ वाकडी गेलेली आमच्या आईला चालणार नाही."

तिने सही केली. मामाने बाहीने तोंड पुसलं, आणि त्याने पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आईच्या नावासकट. आईचं नाव त्याने इतक्या वर्षांत पहिल्यांदा लिहिलं असेल.

निघताना आत्या आणि मामा पुन्हा भिंतीपाशी गेले. दोघं भावंडं फोटोसमोर उभी राहून हळू आवाजात काहीतरी बोलत होती, आणि मामाचे हात चालले होते, म्हणजे तो सांगत होता. मामी दूरच थांबली. पोरगा तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. तो फोटोकडे बघत होता, चक्क मान वर करून.

"म्हणजे मला कुणी वाचवलंच नाही," तो म्हणाला.

"नाही रे."

"मग मी कसा राहिलो?"

"राहिलास. मी राहिले, तुझे बाबा राहिले, तो समोरचा दूधवाला राहिला. तसाच तूही."

"नुसताच?"

"नुसताच," मामी म्हणाली.

मग त्याने पाठीमागे धरलेले हात सोडले आणि ते कुठे ठेवावेत हे न सुचून खिशात घातले.